लोहपंखाचं कण्हणं

लोहपंख निळा की हिरवा, हे माझ्या मावशीला अगदी शेवटच्या भागापर्यंत ठाऊक नव्हतं. चार सीझन ही कार्टून मालिका तिच्या घरात रोज संध्याकाळी साडेपाचला लागायची. पण मावशी शाळेच्या गणवेशांच्या दुकानाचं हातकाम घरी आणून करते. काजं, बटणं, तळाची दुमड. नजर सुईवर आणि कान टीव्हीकडे. लोखंडी पंख लावून शहर वाचवणाऱ्या त्या महावीराशी तिचं नातं एवढंच, की आपल्या भाषेतला त्याचा आवाज तिच्या नवऱ्याचा होता.

काका म्हणजे नुसती काडी. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून, आणि शनिवारी सुटीच्या दिवशी स्टुडिओत लोहपंख. मावशी त्यांना सोडायची नाही. "पूल उचलता, बस झेलता, आणि बरणीचं झाकण काढायला शेजाऱ्यांना हाक मारता?" काका म्हणायचे, "पूल कागदाचा असतो गं. बरणी खरी आहे."

रोजचा भाग संपता संपता लोहपंख स्वतः घरी यायचे. दाराजवळच्या स्टुलावर बसून बूट काढायचे, पाठ भिंतीला टेकवायचे आणि एक लांब "हुश्श" करायचे. लिफ्ट थांबल्याचं, किल्ली फिरल्याचं मावशीला आधीच ऐकू आलेलं असायचं. तरी त्या हुश्शनंतरच ती आतल्या खोलीतून विचारायची, "आलात?" लहानपणी मला याचं फार हसू यायचं. नाही तर काय चोर येऊन बूट काढत बसलाय?

पाचव्या सीझनचे दोन भाग करून झाले आणि काका अंथरुणाला खिळले. तीन महिन्यांत गेले. पाठोपाठ ती वाहिनीही बंद पडली आणि लोहपंखाचं पुढं काय झालं ते कुणी विचारलं नाही.

चार वर्षांनी एका दुपारी मावशी दातानं दोरा तोडताना म्हणाली, "त्यांचा चेहरा समोर आहे गं. पण आवाज आठवायला बसले की माझाच आवाज येतो."

मला वाईट वाटलं की मी चिडते. "एवढं मनाला लावून घेऊ नकोस," असं काहीतरी बोलले आणि घरी येऊन सगळी कपाटं उपसली. आम्हा शहाण्यांकडे सहलींचे, वाढदिवसांचे ढीगभर फोटो होते, आणि काकांचा आवाज म्हणाल तर एका शब्दापुरताही नाही. फोनचा त्यांना कंटाळा, निरोप चिठ्ठीवर ठेवायचे. आणि रोज लागणारी मालिका कोण कशाला टेप करून ठेवतं?

म्हणून पाचवा सीझन टीव्हीवर न येता थेट डिस्कवर निघतोय, आणि तोही आपल्या भाषेत, हे कळलं तेव्हा मी पहिल्याच दिवशी मागणी नोंदवली. तीन डिस्क, बारा भाग. पहिल्या दोन भागांत तर काका नक्कीच. माझा डिस्क प्लेअर उचलून रविवारी सकाळी मावशीकडे गेले. तिनं नवी साडी नेसली होती. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

लोहपंखानं तोंड उघडलं आणि भलताच आवाज आला. जाड, तरुण, ठणठणीत.

"हा कोण?" मावशी म्हणाली.

"थांब, पुढं असतील."

दोन्ही भाग संपले. पुढं कुणी नव्हतं. खोक्याच्या मागं बारीक अक्षरांत नव्या कलाकाराचं नाव होतं. मधेच आवाज बदलायला नको म्हणून त्यांनी काकांचे दोन भागही पुन्हा करून घेतले होते. मी कंपनीला, खोक्याला, त्या बारीक अक्षरांना लाखोली वाहिली. मावशी एवढंच म्हणाली, "चांगलं बोलतो मुलगा." मग ती सुईत दोरा ओवायला लागली, तर चार वेळा चुकला. एरवी ती अंधारात ओवते.

मी प्लेअर बंद करायला उठले. "राहू दे," ती म्हणाली, "आणलंय तर बघू."

तिसऱ्या भागात एका दुष्ट घड्याळजीनं लोहपंखाच्या पाठीत हातोडा घातला. लोहपंख छपरावरून कोसळला आणि कण्हला. "आह्... हंम्."

मावशीच्या हातातला सदरा खाली पडला. "मागं घे."

मी मागं घेतलं. पुन्हा हातोडा, पुन्हा छप्पर. तिसऱ्यांदा ऐकून ती म्हणाली, "हे ते आहेत."

"मावशी, कण्हताना सगळे सारखेच असतात."

"तुझ्या नवऱ्याचं कण्हणं तुला ओळखू येत नाही? स्टुलाला पाय आपटला की हे अस्सेच करायचे. शेवटी नाकातून वारा सोडतात बघ."

खोटी आशा नको म्हणून मी दुसऱ्या दिवशी स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगवाल्यांना फोन लावला. ते आधी हसले, मग म्हणाले, "वहिनींचा कान खरा आहे. नवा मुलगा बोलतो झकास, पण त्याला मार खाता येत नाही. तुमच्या काकांनी एका दुपारी सगळं एकदम करून ठेवलं होतं. पडणं, चढणं, धाप, खोकला, दमून बसणं, सगळं. दर भागाला पुन्हा नको म्हणून. बोलणं वाहिनीकडं गेलं, ही फाइल माझ्याकडं राहिली. तीच लावली. हवी तर पाठवतो."

मावशीनं साफ नकार दिला. "नुसतं कण्हणं घेऊन काय करू? ऐकवणार नाही मला. इथं निदान कोण मारतंय ते तरी कळतं."

मग दर रविवारी एकच भाग, असा तिनं नियम घातला. आणि माझी सालस, मुंगीवरही पाय न देणारी मावशी उघडपणे दुष्टांच्या बाजूला गेली. घड्याळजीनं हातोडा उगारला की ती पुढं सरकायची. "हाण ना मेल्या, बघतोस काय!" शहर वाचलं काय, बुडालं काय, तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं. लोहपंख सहज जिंकला की तिचा चेहरा पडायचा. "आज काहीच झालं नाही." सातव्या भागात तो खाणीत गाडला गेला आणि तब्बल पाच मिनिटं धापा टाकत होता. त्या रविवारी मावशी ओठ चावून ऐकत बसली, आणि शेवटी पदरानं डोळे पुसत म्हणाली, "किती त्रास होतोय त्यांना, आणि मी मेली खूश होतेय. काय करू? मला ते परत हवेत गं. दुसरं काही नको."

मी तिला सुई सांभाळ म्हणून ओरडले. दुसरं काय करणार होते?

बारावा भाग आला. मी तो दोन रविवार काहीबाही कारणं सांगून टाळला होता. घड्याळजी आधीच्याच भागात पकडला गेला होता, त्यामुळं मारणारं कुणी उरलं नव्हतं. लोहपंख शहराचा निरोप घेत भाषण करत होता आणि तो ठणठणीत मुलगा बोलतच होता. मावशीनं शिवण बाजूला ठेवून पहिल्यांदा पडद्याकडं नीट पाहिलं. "हिरवा आहे होय हा?"

पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. कुणी ढकललं नाही की कुणी ठेचकाळलं नाही. "संपलं वाटतं," ती हळूच म्हणाली. सदरा उचलला आणि मान खाली घालून बटण लावू लागली. मला तिच्याकडं बघवेना, म्हणून मी पडद्याकडं बघत राहिले.

लोहपंख शहराबाहेरच्या एका लहानशा घरापाशी उतरला. दार उघडलं. पंख काढून खुंटीला अडकवले. खुर्चीत बसला, पाठ टेकवली.

"हुश्श."

"आलात?" मावशी म्हणाली.

ती माझ्याशी बोलली नव्हती आणि टीव्हीशीही नाही. सुईवरची नजर न काढता, बाहेरच्या दारापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलली होती. मग तिची सुई थांबली.

पडद्यावर नावं सरकू लागली होती. काकांचं त्यात कुठंच नव्हतं. मी घाईनं रिमोट उचलला, भाग मागं घ्यायला. मावशीनं माझ्या हातावर हात ठेवला.

"नको," ती म्हणाली. "बसू दे त्यांना जरा."