कण्यांचं भांडं

घरी अचानक पाहुणा आला, तर तुम्ही चुलीवरचं कोणतं भांडं उचलून आत नेता?

आमच्या कामठीच्या घरात ते कण्यांचं होतं. ज्वारी जाडसर भरडायची, पीठ चाळून काढायचं, उरलेल्या कण्या ताकात शिजवायच्या आणि अंबाडीच्या भाजीबरोबर खायच्या. आमचं रोजचं जेवण तेच. पण दाराशी चप्पल वाजली की माय ते जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, भांडं फरशीवरून धान्याच्या कोठीच्या मागे सरकवायची. मग चहा ठेवायची. पाहुणा जितका वेळ बसे, तितका वेळ ती उपाशी राही.

मी अक्षरं शिकलो ती बाबांनी आणलेल्या विणकर संघटनेच्या पत्रकांवर. भूक, हक्क, जुलूम हे शब्द मला बाराखडीबरोबरच आले. बाबा गेल्यावर पत्रकं मी लिहू लागलो, आणि आणीबाणीत ती त्याच कोठीच्या मागे लपली. पत्रकं लपवताना माझी छाती फुगायची. भांडं लपवलं जाई तेव्हा मी मान खाली घालायचो. त्या मान खाली घालण्याबद्दल मी कोणत्याही पत्रकात एक ओळ लिहिली नाही.

आणीबाणी उठल्यानंतरच्या एका वर्षी, पोळा होऊन गेल्यावर, मायला घेऊन रामदासपेठेतल्या डॉक्टरांकडे गेलो. आयुष्यभर मागांसाठी सुताच्या कांड्या भरून ती वाळून गेली होती. डॉक्टर म्हणाले, "रक्त फार कमी आहे. औषधापेक्षा पोटभर जेवणाची गरज आहे. वेळेवर जेवत जा, बाई."

तिथून जवळच एक नवं भोजनगृह निघालं होतं. इंग्रजांच्या सी.पी. प्रांताच्या काळातला बंगला, वेताच्या खुर्च्या, खादीचे पडदे. तिथे फक्त भाज्या आणि अख्खी धान्यं मिळत. मैदा नाही, साखर नाही, तळण नाही. शहरातले मोठे वकील आणि डॉक्टर मोटारीने तिथे जेवायला येत. मी ज्या साप्ताहिकात काम करायचो, त्याच्या संपादकांनी मला त्या जागेवर लिहायला सांगितलं होतं. आदल्या आठवड्यात जाऊन मी ताटात काय असतं ते बघूनही आलो होतो. लेखाचं पहिलं वाक्य डोक्यात तयार होतं. त्या ताटासमोर माझी माय बसलेली मला हवी होती. तिला मात्र मी एवढंच सांगितलं, "चल, आज चांगल्या ठिकाणी जेवू."

माय खुर्चीच्या कडेवर बसली. टेबलावरचं कापड अंगठा आणि बोटात धरून तिने चोळून पाहिलं. "हातमागाचं आहे," ती म्हणाली. मग वाढप्याला विचारलं, "चहा भेटन काय गा?"

वाढपी पन्नाशीचा, पांढऱ्या कोटातला. "नाही माताजी. इथं चहा नसतो."

"भजे?"

"तळलेलं काहीच नसते."

"मंग इथं लोकं येतात काहून?"

तो इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "डॉक्टर पाठवतात."

"मलेही डॉक्टरनंच पाठवलं बाप्पा," माय म्हणाली आणि हसली. त्या दिवशीचं तिचं तेवढंच हसणं.

ताटं आली. कल्हईच्या पितळी ताटात काकडीच्या चकत्या, जवसाची चटणी, ताक, अंबाडीची भाजी आणि मधोमध मूद पाडलेल्या कण्या.

मायने पुढे केलेला हात मागे घेतला. पदर ओढून डोक्यावर घेतला.

"चाल. उठ."

"काय झालं माय?"

"त्यानं माह्या लुगड्याकडे पाहिलं अन् आत जाऊन सांगतलं. आपल्याले गरिबाचं ताट आणलं. पोई नाही, भात नाही. कण्या!" तिचा आवाज दबलेला होता. "तुले समजलं नाही काय? थो मले वयखून गेला."

मला सगळं समजलं होतं. ताटात काय येणार हे माहीत असून मी तिला सांगितलं नव्हतं. ज्या क्षणासाठी मी तिला आणलं होतं, तो हाच. लेखात तो फार उत्तम बसला असता. आणि समोर माझी माय अपमानाने पांढरी पडली होती.

"माय, तिकडे पाहा," मी कसंबसं म्हणालो.

शेजारच्या टेबलावर कानात मोत्यांच्या कुड्या घातलेली एक बाई चमच्याने कण्या खात होती. पलीकडे एक जाडजूड गृहस्थ दुसऱ्यांदा मागत होते. माय त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"त्याईच्या घरचा आटा सरला काय?" तिने विचारलं. थट्टा नव्हती त्यात. तिला खरंच कळत नव्हतं.

मग तिने एक घास घेतला. चावला. दुसरा घेतला. तेवढ्यात मालकीणबाई आल्या. वयस्क, शांत, प्रत्येक टेबलाशी थांबणाऱ्या. "कसं झालंय?" त्यांनी विचारलं.

माय म्हणाली, "कण्या कच्च्या रायल्या. शिजवाच्या आधी ताकात भिजू द्या लागते. अन् भाजी उकडून पाणी काढलं नाही. दात आंबले."

"पाणी आम्ही टाकत नाही. त्यात सत्त्व असतं."

"सत्त्व राह्यते, पण दात जाते बाई."

मालकीणबाई मनापासून हसल्या आणि म्हणाल्या, "एकदा येऊन शिकवाल का आमच्या माणसांना?" मायने ताट पुसून घेतल्यासारखं साफ केलं. किती महिन्यांनी तिला पोटभर जेवताना मी बघत होतो.

कामठीच्या बसची वाट बघत आम्ही उभे होतो. ती अचानक म्हणाली, "थे लोकं चारचौघात खाऊन रायले. मंग म्या काहून लपवलं इतकी वर्सं?"

प्रत्येक प्रश्नाला उत्तर असलेला मी तिकिटाचे सुटे पैसे मोजू लागलो.

लेख मी लिहिला. श्रीमंतांच्या चोचल्यांवर आसूड वगैरे. नेहमीप्रमाणे आधी तिला वाचून दाखवला. "माझी दरिद्री आई" या शब्दांवर तिने मला थांबवलं. "दरिद्री काट. अन् कण्या कच्च्या होत्या, थे काहून नाही लिहिलं?" मी कागद फाडला. संपादकांना सांगितलं, जमलं नाही.

महिनाभराने संघटनेतले एक जुने कार्यकर्ते घरी आले, बाबांचे सोबती. आम्ही ओसरीत बसलो होतो. आत फरशीवर भांडं सरकल्याचा आवाज झाला, आणि मध्येच थांबला. मला दिसत नव्हतं, पण कळत होतं. भांड्यावर हात ठेवून ती थांबली होती. ऐकत होती. कुणी काही म्हणेल का म्हणून.

पाहुणे मजुरीबद्दल बोलत राहिले. मीही आत हाक मारली नाही. थोड्या वेळाने आवाज पुन्हा सुरू झाला, कोठीपर्यंत गेला आणि थांबला. मग चहा आला.

आता मी रोज कण्या मागून खातो. ती वाढते, सोबत बसून खातेही. पण माझ्या मागण्याने ते भांडं बाहेर येत नाही, कारण मी घरचा. ते पाहुण्यानेच मागावं लागतं.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. कुणाच्या घरी बसला असाल आणि आत भांडं सरकल्याचा आवाज कानावर आला, तर चहा घेऊन उठू नका. आत हाक मारा. म्हणा, "जे शिजलं आहे तेच वाढा, आणि तुम्हीही बसा." आणि ती बाई बसेपर्यंत पहिला घास घेऊ नका.