त्यांच्या घरी चालत नाही

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. आणि तिला माझं सगळं ठाऊक असतं — साखर किती वाढली, दुपारी बाहेर काय खाल्लं, कुणाशी बोलताना उगाच हसलो — सगळं. हे एवढं मात्र मी इतकी वर्षं तिच्यापासूनही आत ठेवलं. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. सांगताना मी भरकटेन, तेवढं सांभाळून घ्या. बोलण्यावरच पोट असलेल्या माणसाला सरळ बोलायची सवय राहत नाही.

मी एका लहानशा वायनरीत कामाला आहे. राहुरीहून शिर्डीकडे जाताना रस्त्याच्या आत दोन शेतं सोडून. शिर्डीला जाणारे लोक जाताना आमच्याकडे ढुंकून बघत नाहीत. दर्शन झालं, की परतीच्या वाटेवर तीच गाडी बरोबर आमच्या फाटकाशी वळते. मी त्यांना लांब टेबलापाशी बसवतो. चार ग्लासांत चार वाइन ओततो. रंग कसा बघायचा, ग्लास कसा फिरवायचा, नाक कुठवर घालायचं, कशाबरोबर काय खायचं — सांगत बसतो. लोक आधी लाजतात, मग हसतात, मग आपापसांत भांडायला लागतात, की हा वास पेरूचा की पपईचा. ते भांडण सुरू झालं की मला फार बरं वाटतं.

मी सुखी माणूस आहे, हेही आत्ताच सांगून टाकतो. पश्चात्तापाने वाळून गेलेला कुणी समोर बसलाय असं समजू नका. मी नीट जेवतो. मला झोप लागते. म्हणून तर हे सांगणं जास्त अवघड आहे, नाही का?

सुरुवातीला माझ्याकडे पुस्तकातले शब्द होते. शेतीची पदवी घेतलेली, वाचनाची सवय; त्यामुळे ब्लॅककरंट, गूजबेरी, सीडरचं लाकूड असं मी घडाघडा बोलायचो. एकदा कोपरगावकडच्या एका बागायतदारानं मला मध्येच थांबवून विचारलं, "साहेब, ते ब्लॅककरंट म्हंजी काय असतं वो?" मी म्हणालो, एक फळ असतं. तो म्हणाला, "तुमी खाल्लंय?" मी पुढचा ग्लास भरला. कुठून खाणार मी ब्लॅककरंट?

आता इंदूताईंबद्दल.

इंदूताई आमच्या स्वयंपाकघरात आहेत, पहिल्या दिवसापासून. माहेर कर्जतकडचं, सासर इथलंच. मासवडी त्यांच्यासारखी कुणी करत नाही. परगावचे लोक नाव ऐकून मासे शोधतात, आणि मग बेसनाच्या वड्या बघून आधी नाराज होतात, नंतर दुसऱ्यांदा मागतात. त्यांचे यजमान भानुदासभाऊ रोज सकाळी त्यांना मोटरसायकलवर सोडायला येतात. इंदूताई मला 'भाऊ' म्हणतात. वयाने माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या असतील, पण पहिल्या दिवशी जे तोंडात बसलं ते बसलं.

त्यांचं नाक — काय सांगू? बाजरीचं पीठ कडू व्हायला लागलंय हे त्या डब्याचं झाकण न उघडता सांगतात. दूध दुपारी नासणार हे त्यांना सकाळी कळतं. ग्लास त्याच विसळायच्या. एके दिवशी विसळता विसळता थांबल्या, तळाशी राहिलेल्या पांढऱ्या वाइनचा वास घेतला, आणि स्वतःशीच म्हणाल्या, "ही तर हरभऱ्याची आंब हाय."

तुम्हाला आंब माहीत आहे ना? हिवाळ्यात सकाळी लवकर हरभऱ्याच्या रानातून चाललं की कपड्यांना जी आंबट ओल लागते, ती. मी तो ग्लास त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावला. नाक घातलं. आणि — होतीच की आंब! इतके महिने मी त्याच वाइनला गूजबेरी म्हणत होतो.

मग ते रोजचंच झालं. सकाळी दहाच्या सुमाराला, पाहुणे यायच्या आधी, मी एकेक ग्लास घेऊन स्वयंपाकघरात जायचो. त्या हात पुसून, डोळे मिटून वास घ्यायच्या. मी लिहून घ्यायचो. अर्धकच्चं करवंद. पेरूची साल, आतला गर नाही. पाणी मारून विझवलेलं बाभळीचं लाकूड. तांबड्या वाइनचा वास घेऊन एकदा म्हणाल्या, "हिच्या वासातच राग हाय. मासवडीच्या रश्श्यासंगं दिऊ नगा, जीभ भाजंल लोकांची. तितं ती गुलाबी द्या. हिला हुलग्याची शेंगोळी द्या, लसूण कमी करून." मी दोन्ही एकत्र खाऊन-पिऊन पाहायचो. एकदाही चुकल्या नाहीत. आणि लक्षात घ्या — त्या स्वतः थेंबभरही चाखत नव्हत्या. नुसत्या वासावरून हे सगळं.

ते शब्द मी सुबक अक्षरात कार्डांवर लिहिले आणि टेबलावर ठेवले. लोकांना वेड लागलं. कार्डांचे फोटो काढून न्यायला लागले. कुणी विचारलं, की मी मान किंचित झुकवून हसायचो. तेव्हा मी खोटं बोललो नव्हतो. नुसता हसत होतो. त्यात काय आहे, असं मला वाटायचं.

एकदा इंदूताई म्हणाल्या, "भाऊ, निस्त्या वासानं अर्धंच कळतं. एकदा घोट घिऊन बघावा म्हन्ते." मी म्हणालो, घ्या की, आत्ताच घ्या. तर म्हणाल्या, "असा वट्यापाशी हुबं ऱ्हाऊन न्हाई. टेबलापाशी बसून, नीट. पाव्हन्यांवानी." आणि लाजल्या. मग म्हणाल्या, "यांना इचारलं म्या. तर हसले. म्हनले, घे की, आन् कशी लागती ते मलाबी सांग."

हे नीट ध्यानात ठेवा. घरातून नकार नव्हता. मला हे त्यांच्याच तोंडून कळलेलं होतं.

त्यानंतर महिन्याभरात पुण्याहून एक बाई आल्या. वाइन चाखणं हाच त्यांचा पेशा. आमच्या मालकांनी, आप्पांनी, त्यांना सल्ल्यासाठी बोलावलं होतं. त्या टेबलाशी बसल्या आणि वाइनच्या आधी कार्डं वाचायला लागल्या. सगळी वाचली. चष्मा काढला. म्हणाल्या, "हे कुणाचं नाक आहे?"

मी म्हणालो, माझं.

किती सहज आलं ते तोंडातून! घसा खाकरावा लागला नाही, काही नाही. पण थांबा — सांगायचं ते हे नाही. एवढंच असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता. दुसऱ्याच्या शब्दांवर आपलं नाव टाकणारे काय कमी आहेत?

बाई म्हणाल्या, की दरवर्षी पिपांमधल्या तांबड्या वाइनी किती-किती घेऊन एकत्र मिसळायच्या हे ठरवायला त्या येतील. त्या बैठकीला त्यांच्याबरोबर इथली दोन नाकं हवीत. एक माझं झालं. दुसरं कोण? तेव्हा आप्पाच म्हणाले, "आपल्या इंदूताईंचं नाक लई तिखट हाय म्हनत्यात पॅकिंगच्या पोरी. त्यांना बोलवू का?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. रोज त्यांच्याशी बोलणारा मीच ना.

मला त्या क्षणी काय दिसलं ते सांगतो. इंदूताई टेबलापाशी बसल्या आहेत. ग्लास घेतात, डोळे मिटतात, दोन शब्द बोलतात — आणि बाई एकदा त्यांच्याकडे बघतात, एकदा कार्डाकडे, आणि एकदा माझ्याकडे. बस्स. मी घाबरलो. आणि घाबरल्यावर माणसाला किती लवकर सुचतं! मी आवाज खाली आणला, अदबीने, आणि म्हणालो, "त्यांच्या घरी चालत नाही."

हे वाक्य तुम्हाला साधं वाटेल. आमच्या भागात त्याचं वजन वेगळं आहे. बाईमाणसाच्या घरचा विषय निघाला, की पुढे कुणी विचारत नाही; विचारणं वाईट दिसतं. आप्पांनी तर मान हलवली, मी एका बाईची अब्रू राखली अशा कौतुकाने. मी ते वाक्य नेमकं यासाठीच उचललं होतं. त्याची कुणी शहानिशा करत नाही. इंदूताई तेव्हा आत होत्या, मासवडीच्या वड्या कापत. त्यांच्या माघारी, त्यांच्या नवऱ्याच्या नावावर, मी त्यांचं दार लावलं. दुसऱ्या नाकाची जागा आप्पांच्या पुतण्याने भरली. त्याला सर्दी असते बाराही महिने.

झालं? नाही, अजून थोडं आहे.

पुढच्या वर्षी त्या बाई परत आल्या. आम्ही बैठकीची मांडामांड करत होतो. त्या सहज म्हणाल्या, "मागच्या वेळी निघताना मी स्वयंपाकघरात गेले होते, मासवडीचं कौतुक करायला. तुमच्या त्या ताईंना मी स्वतः विचारलं, हे म्हणतात तसं खरंच घरी चालत नाही का? तर म्हणाल्या, व्हय, न्हाई चालत. डोळे फार हुशार आहेत हो त्यांचे."

माझ्या हातात सहा ग्लास होते. एकही पडला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. वर्षभर. वर्षभर रोज सकाळी मी ग्लास घेऊन जात होतो, त्या डोळे मिटून वास घेत होत्या, मी लिहीत होतो — आणि त्यांना ठाऊक होतं, की हा माणूस आपल्या घरावर खोटं बोललाय. मला तोंडघशी पाडायला त्यांना एक 'चालतं की' पुरलं असतं. त्यांनी 'व्हय' म्हटलं. का म्हटलं? मी कधी विचारलं नाही. विचारायचं म्हणजे आधी कबूल करायचं, आणि तेवढी छाती माझ्यात नव्हती. आजही नाही, म्हणून तर तुम्हाला सांगतोय, त्यांना नाही.

आणि 'व्हय' म्हटल्यावर त्यांना ते निभवावं लागलं. हे मला फार उशिरा कळलं. मिसळणीची पहिली बाटली उघडली तेव्हा आप्पांनी सगळ्या कामगारांना जेवायला बोलावलं, घरच्यांसह. माळ्याने घेतली, ड्रायव्हरने घेतली, पॅकिंगच्या पोरींनी खिदळत घेतली. इंदूताईंसमोर ट्रे आला, तर त्यांनी ग्लासावर पालथा हात ठेवला. "आमच्यात न्हाई चालत." शेजारी भानुदासभाऊ उभे होते. त्यांनी चमकून बायकोकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, जरा जास्त वेळ. मग म्हणाले, "व्हय, न्हाई चालत," आणि स्वतःचाही ग्लास ट्रेमध्ये परत ठेवला.

त्याला आता आठ-नऊ वर्षं झाली. दरवर्षी ती बैठक होते. बैठकीच्या आदल्या दिवशी सगळ्या पिपांचे नमुने मी 'ग्लास विसळायला' म्हणून आत नेतो. इंदूताई सांगतात, मी पाठ करतो, दुसऱ्या दिवशी टेबलापाशी बसून बोलतो. बाटलीमागच्या चिठ्ठीवर माझं नाव छापतात. पुण्याच्या बाई म्हणतात, असं नाक त्यांनी दुसरं पाहिलं नाही. वाइन उत्तम होते. लोक खुशीत येतात, खुशीत जातात. सकाळी दहाची ती वेळ माझ्या दिवसातली सगळ्यात आवडती वेळ आहे. त्यांचीही असावी. त्या मला अजून भाऊ म्हणतात, माझ्या डब्यात खर्डा घालून देतात, माझ्या बायकोच्या गुडघ्यांची चौकशी करतात. यात कुठेही टोचून बोलणं नाही. मी शोधून पाहिलंय.

गेल्या हिवाळ्यात एका तांबड्या नमुन्याचा वास त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. जांभूळ म्हणाल्या, मिरी म्हणाल्या. ग्लास ओट्यावर ठेवला. आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "भाऊ, तोंडात घेतल्याव वासापरीस येगळी लागती का वो?"

मी याच प्रश्नावर रोज परक्या माणसांपुढे अर्धा तास बोलतो. जिभेच्या कडेला काय होतं, टाळूला काय लागतं, गिळल्यावर मागे काय उरतं — सगळं मला सांगता येतं. तेवढं एक मला खरोखर येतं.

मी म्हणालो, "फारसा फरक नसतो, ताई."

"मंग बरं हाय," त्या म्हणाल्या, आणि परातीत पीठ घेतलं.

फरक असतो. खूप असतो.