कोर्टावर वाळत घातलेलं धान

आमचे कोचसाहेब म्हणजे कंपनीच्या संघाकडून बास्केटबॉल खेळून नाव कमावलेला माणूस. भंडाऱ्याच्या बाजारातून निघाले की दुकानोदुकानी चहा व्हायचा, घरी पोचायला रात्र. बोलताना बोटं अशी नाचायची, जणू हातात चेंडूच आहे.

एकदा मुलींची मॅच दुसऱ्या दिवशी, माझी लेकही त्यात, आणि कोर्टभर एका आजीनं धान वाळत घातलेलं!

"आजी, इथं काहून टाकलं?" साहेबांनी विचारलं.

"मंग तुह्या डोक्यावर टाकू का, बापा?"

साहेब हसले. त्यांनी बूट काढले. मुलींना अनवाणी, वाकून, हात पसरून धानात पाय घासत पळवलं. सरावही झाला, धानही उलटलं, आणि संध्याकाळी आजीनं ते उचललंही.

दुसऱ्या दिवशी मुली हरल्या. पदर खोचून मॅचच्या पंचाच्या अंगावर धावली ती आजी, "माह्या पोरींले काहून हरवलं रे?"