क्रिसोफोरो लुहान बुडाला तो दिवस

माणूस जरा वेगळ्या तऱ्हेनं मेला, की नऊ दिवसांची जपमाळ आटोपून घरचं कुणीतरी एपिग्मेनिओ रेंतेरियाच्या दारात येई. त्यांना मेलेल्यावर कोरिदो, म्हणजे गाण्यातली हकिगत, करून हवी असे. एपिग्मेनिओ स्टूल पुढे सरकवी आणि ठरलेले पाच प्रश्न विचारी: दिवस कोणता, जागा कोणती, पूर्ण नाव, घोड्याचा रंग, शेवटचे शब्द. शेवटचे शब्द बहुधा कुणी ऐकलेले नसत. ते तो पदरचे घाली. जुन्या पाच चालींपैकी एक लावली, अखेरच्या कडव्यात सगळ्यांचा निरोप घेतला, की नासास नदीकाठचा आणखी एक माणूस कायमचा मार्गी लागे.

बहात्तराव्या वर्षी त्याला या सगळ्याचा शीण आला होता. मेलेली माणसं हल्ली एकसारखी वाटत, आणि घोडे जाऊन ट्रक आल्यापासून रंगातही काही राम उरला नव्हता.

त्या जूनमध्ये दोमितिला आली ती गाणं मागायला नव्हे. तिच्या नवऱ्याचं गाणं तीस वर्षांपूर्वीच झालं होतं. तिच्या लेकीचा, आंपारोचा, एपिग्मेनिओ बाप्तिस्म्यातला धर्मपिता. म्हणून दोघं एकमेकांना कोंपाद्रे, कोमाद्रे म्हणत आणि अहोजाहो करत.

“बसत नाही, कोंपाद्रे. एवढंच सांगा, माझा नवरा कधी बुडाला?”

“एकवीस जूनला.”

“मग गाव चोवीस का म्हणतं?”

त्यानं मान खाली घातली. गाव चोवीस म्हणे, कारण गाणं तसं म्हणे: ‘उजाडला होता सान हुआन, बुडाला क्रिसोफोरो लुहान.’ लुहानला यमक हवं होतं आणि चोवीस जूनच्या सणाचा संत आयताच समोर उभा होता. पण सान हुआनच्या पहाटे अख्खं गाव सोतोलच्या बाटल्यांसकट नदीत उतरे, आणि त्या दिवशी बुडालेला माणूस पिऊनच बुडाला, हे सांगावं लागत नसे. क्रिसोफोरो तीन दिवस आधी, पूर्ण शुद्धीत, पुराच्या पाण्यात शिरला होता. पलीकडून सुईण आणायला. मर्दाच्या मरणात सुईण शोभत नाही, असं तेव्हा एपिग्मेनिओला वाटलं, म्हणून ती त्यानं वगळली. आंपारो त्याच दुपारी सुईणीवाचून जन्मली.

“तेव्हा मी काही बोलले नाही,” दोमितिला म्हणाली. “गाणं चांगलं होतं. पण परवा आंपारोच्या सासऱ्यांनी जेवताना विचारलं, ‘गाण्यातला तो बेवडा तुमचाच ना?’ आणि माझी पोर हसली, कोंपाद्रे! मी खरं सांगायला गेले, तर म्हणते, ‘आई, गाण्यात तसं नाहीये.’”

“दुरुस्त करतो.”

“करा. माझे गुडघे तुमच्या दारापर्यंत पुन्हा यायचे नाहीत.”

दोन दिवस खपून त्यानं एकवीस तारीख आणि सुईण ओळीत कोंबली. रविवारी दुपारी चौकातल्या बाकावर बसून तो ते गायला. पहिल्याच कडव्याला मिठाईवाली, खाटीक, चर्चचा घंटावाला, सगळ्यांनी एका सुरात जुनी ओळ त्याच्या ओळीवर चढवली.

“अहो, चुकलात! सान हुआन!” खाटीक ओरडला.

“नाही, मी आता...”

“वय झालं हो. पाणी द्या रे त्यांना.”

आंपारो गर्दीतून पुढे आली आणि मायेनं त्याच्या कानात म्हणाली, “धर्मबाबा, ‘उजाडला होता सान हुआन.’ तिथून उचला.”

तो पाणी प्यायला आणि त्यानं तिथून उचललं.

घरी येऊन तो बूट न काढताच बसला. गावाला खऱ्याचं सोयरसुतक नव्हतं. तीस वर्षं पाठ केलेलं कोण विसरणार? पण कुणाची अब्रू चव्हाट्यावर येणार असेल, तर हेच गाव हातातलं काम टाकून ऐकत असे. हे ज्ञान त्याला धंद्यातूनच मिळालं होतं. त्यानं कागद ओढला आणि स्वतःलाच पाच प्रश्न विचारले. घोडा नव्हताच, गाढवाचा रंग लिहिला.

सान हुआनच्या दिवशी, सकाळची आंघोळ उरकून माणसं काठावर गोर्दितास खात होती, तेव्हा त्यानं गिटार जुळवली. चाल मुद्दाम सोपी घेतली होती.

‘मीच तो रेंतेरिया, लबाड तोंडाचा,
यमकापायी बळी दिला माझ्याच मित्राचा.’

खाणारी तोंडं थांबली. दुसऱ्या कडव्यात एकवीस तारीख आली, तिसऱ्यात सुईण.

“म्हणजे तीस वर्षं तुम्ही आम्हाला फसवलंत?” खाटीक म्हणाला.

“चौथं कडवं येऊ दे. त्यात तेच आहे.”

हशा उसळला. पाचव्या कडव्यापर्यंत ‘लबाड तोंडाचा’ सगळ्यांना पाठ झालं होतं आणि पोरंटोरं त्याच्याकडे बोट दाखवून ते म्हणत होती. निरोपाच्या कडव्यात त्यानं कुणाचा निरोप घेतला नाही. मेलेल्यासारखा गावाचा निरोप घ्यायची ताकद त्याच्यात नव्हती.

आंपारो हसत नव्हती. ती ओल्या केसांनी आईजवळ जाऊन उभी राहिली.

“आई, तेव्हा पाणी किती होतं?”

दोमितिलानं नदीकडे पाहिलं, मग काठावरच्या विलो झाडाकडे. “त्या दुसऱ्या फांदीपर्यंत,” ती म्हणाली. “मी खिडकीतून ओरडत होते, नका जाऊ म्हणून. ते म्हणाले, आलोच.”

“पुन्हा म्हणा!” मागून आरोळी आली. “ते लबाडाचं!”

एपिग्मेनिओची बोटं दुखत होती. त्यानं गिटार मांडीवर सारखी केली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.