जर्मन, मी आणि येनाची रांग

माझी नात भंडाऱ्याच्या कॉलेजात झाडांचं शिकते. मी चौथी पास आहे. पाचवीत गेलो होतो, पण गुरुजी म्हणाले कांदा हे मूळ नव्हे, आणि मी म्हटलं, जमिनीतून उपटावं लागते ते मूळ. तिथून परत वर्गात बसलो नाही. गुरुजी बरोबर होते, असं नातीनं आता सांगितलं. आता सांगून काय उपयोग.

दिवाळीनंतर तिला वर्गापुढे उभं राहून एका माणसाबद्दल बोलायचं होतं. सराव म्हणून ती अंगणात मला ऐकवायला बसली. मी अंबाडीची दोरी वळत होतो, माझी म्हातारी तांदूळ निवडत होती.

तो माणूस जर्मन. पोरवयातच बाप गेला, मग आई छातीच्या रोगानं गेली. औषधाच्या दुकानात काम शिकला. डॉक्टर म्हणाला, इथली हवा तुझा जीव घेईल, उन्हाच्या देशात जा. तर हा बहिणींना घेऊन जहाजात बसला आणि ऑस्ट्रेलियात उतरला. तेव्हा तिथं इंग्रजांचं राज्य होतं, जसं आपल्याकडे होतं.

"मंग भंडाऱ्याले यायचं होतं," मी म्हटलं. "उन्हाले कमी आहे का इथं?"

"आबाजी, मधात बोलू नका जी. मी विसरते."

तिथं तो घोड्यावर बसून डोंगर, वाळवंट, सारं हिंडला. दिसेल ते झाड तोडून कागदात दाबायचा, वाळवायचा, नाव द्यायचा. एकट्यानं जमेना म्हणून शेतकऱ्यांना, बायांना, मेंढरं राखणाऱ्यांना पत्रं लिहायचा, की तुमच्याकडचं झाड पाठवा. ते पाठवायचेही. जंगलात राहणारे तिथले जुने लोकही त्याला झाडं दाखवायचे. तो कायम गळ्यात मफलर घालायचा. लग्न ठरलं होतं, केलं नाही.

"बरं झालं," म्हातारी सुपावरून मान वर न करता म्हणाली. "एक बाई वाचली."

त्याच्या हाती सरकारनं एक मोठी बाग दिली. त्यानं तिथं देशोदेशीची झाडं रांगेत लावली, प्रत्येकाला नावाची पाटी. लोक म्हणाले, आम्हाला पाटी वाचायला यायचं नाही, आम्हाला फुलं पाहिजेत, कारंजं पाहिजे, पोरांना खेळायला हिरवळ पाहिजे. शेवटी सरकारनं बाग त्याच्या हातून काढून दुसऱ्याला दिली. राहायचं घरही बागेतच होतं, तेही गेलं. माणूस त्यानंतर वीस वर्षांवर त्याच गावात जगला, पण बागेच्या फाटकात पाऊल टाकलं नाही म्हणतात.

माझी दोरी थांबली.

"शाबास," मी म्हटलं. "माणूस असावा तर असा."

म्हातारीनं नातीकडे पाहिलं, नातीनं म्हातारीकडे. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं की हा सराव-बिराव काही नाही, मला फाटकात न्यायचा डाव आहे.

आमच्या गावाबाहेर, नाकाडोंगरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक सरकारी नर्सरी आहे. मी तिथं सतरा वर्षं रोजंदारीनं होतो आणि बावीस वर्षं झाली, तिच्या आत गेलो नाही. आत सोडा, कुंपणाच्या बाजूनंही जात नाही. रोज सकाळी डेअरीत दूध घालायला जातो तो बांधाबांधानं, तळ्याला वळसा घालून. उन्हाळ्यात दोनदा दूध फाटलं. फाटू दे.

कारण सांगतो. कोसा, म्हणजे रानरेशमाचे किडे, पाळणाऱ्यांना देण्यासाठी येनाची रोपं करायची होती; येन म्हणजे पुस्तकातला ऐन. कोशाचे किडे येनाचा पाला खातात. नाल्याकाठी लावायला कहूची, म्हणजे अर्जुनाची, रोपंही पाहिजे होती. ही दोन्ही एकाच घरची झाडं, भावाभावांसारखी. दोघांचंही फळ पाच पंखांचं. येनाचे पंख रुंद, कहूचे अरुंद. रोप लहान असताना पानं पाहून भलाभला चकतो. मोठं झालं की आंधळाही सांगेल: येनाची साल काळी, मगरीच्या पाठीसारखी तडकलेली, कहूची साल गोरी आणि गुळगुळीत.

बी मीच जंगलातून वेचून आणलं, दोन लहान पोती. लिहिण्याची मला कटकट, म्हणून माझी खूण ठरलेली: येनाच्या पोत्याच्या दोरीला एक गाठ, कहूच्या दोन. घरी आणली आणि मी दोन दिवस पाहुणपणाला गेलो. म्हातारीनं काम हलकं करावं म्हणून दोन्ही पोती अंगणात उन्हात घातली, धान बडवतात तशी काठीनं बडवली, आणि पंख सुपानं पाखडून उडवले. मग भरून, दोऱ्या बांधून ठेवल्या.

"कोणत्या पोत्याले कोणती दोरी होती, मले याद नाही," ती म्हणाली. "थोडं इकडचं तिकडंबी झालं असंल. नर्सरीच्या साहेबाले सांगून टाका."

मी म्हटलं, "सांगाचं काय त्यात? बीज हातात घेतलं का मले समजते."

दुपारभर बसून मी एकेक बी चिमटीत धरून दोन ढीग केले. हाताला कळते, अशी माझी खात्री होती. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती, म्हातारीशिवाय, आणि तिला सांगायची गरज नव्हती.

रोपं वीतभर झाली, कोसावाले न्यायला आले. साहेबानं एक पान उलटं करून पाहिलं आणि साऱ्यांसमोर म्हणाला, "ही येनाची नाहीत. सगळी कहूची दिसतात."

मी म्हटलं, "तुमी पान पाहिलं, मी बीज पाहिलं."

"चूक झाली असेल तर सांगा, काही बिघडत नाही."

"माह्याकडून झाली नाही."

साहेब चिडला नाही, हेच मला जास्त लागलं. त्यानं त्याच रोपांतली उरलेली चाळीसेक मागच्या नाल्याजवळ एका रांगेत लावायला सांगितली. म्हणाला, "झाड मोठं होईल तेव्हा पाहू." मी झारी तिथंच ठेवली आणि घरी आलो. साहेब पुढं बदलून गेला. किड्यांनी दोन्हींचा पाला आनंदानं खाल्ला म्हणे, येन काय अन् कहू काय. भांडण फक्त आम्हा दोघांत राहिलं, आणि ती रांग वाढत राहिली.

आता नर्सरीत नवीन मॅडम आल्या आहेत. त्यांना प्रत्येक झाडाला पाटी लावायची आहे, आणि जुनं कोणतं झाड कशाचं, हे सांगणारं कोणी राहिलं नाही. माझी नात तिथं कॉलेजकडून जाते. ती शब्द देऊन आली होती की आमचे आबाजी सांगतील.

"इचारलं होतं का मले?" मी म्हटलं.

"इचारलं असतं तर नाहीच म्हणले असते तुमी."

"आताबी नाहीच म्हणतो. त्या जर्मनानं मान राखला आपला."

"तुमाले त्याचं एकच आठवते," नात म्हणाली. "त्यानं आणखी एक केलं. वाटसरूले खायला मिळावं म्हणून नाल्यानाल्यानं फळाच्या एका काटेरी झुडपाचं बीज फेकत गेला. ते इतकं माजलं का आजवर लोक उपटून राहिले. आपल्या तळ्यातल्या बेशरमीसारखं. एवढा मोठा माणूस, त्याचीबी चूक झाली."

"तो गेला का मंग कधी ते झाड पाहाले?"

"ते काही पुस्तकात नाही."

म्हातारी सूप खाली ठेवून म्हणाली, "त्याचं जाऊ द्या. त्याले लांबच्या वाटेनं दूध न्याचं नव्हतं."

त्या दिवशी मी जेवलो नाही, म्हणजे थोडं जेवलो. भीती कशाची होती ते मला माहीत होतं. मानापानाची गोष्ट जगासाठी होती. खरी भीती त्या रांगेची होती. माझ्या हाताला बी कळते की नाही, याचा निकाल तिथं उभा होता, आणि मी गेलो नाही तोवर तो लागत नव्हता.

सोमवारी धुतलेलं धोतर नेसून गेलो. फाटक निळ्या रंगाचं केलं आहे, आमच्या वेळी हिरवं होतं. मॅडमनी खुर्ची दिली, मी बसलो नाही. मोह, बिजा, धावडा, तेंदू, एकेक सांगत गेलो आणि नात वहीत लिहीत गेली. आवळ्याच्या बुंध्यावर माझ्या विळ्याची जुनी खूणसुद्धा सापडली. छाती जरा वर आली होती. मग नाल्याजवळ पोचलो.

मॅडम पेरणीचा जुना कागद पाहून म्हणाल्या, "ही पूर्ण रांग येनाची. बरोबर ना बाबा?"

पहिलं झाड काळं, तडकलेलं, मगरीची पाठ. येन. जीव भांड्यात पडला. दुसरं गोरं. तिसरं गोरं. चौथं काळं. मग दोन गोरी. मी प्रत्येकाला हात लावत टोकापर्यंत गेलो, जणू हात लावल्यानं रंग बदलेल. अर्ध्याहून जास्त कहू होते. साहेब म्हणाला सगळी कहू, मी म्हणालो सगळी येन. झाडांनी दोघांचंही ऐकलं नव्हतं. पण साहेबानं पान पाहून अंदाज सांगितला होता. मी मात्र छाती ठोकून सांगितलं होतं.

नात सालीकडे पाहत होती. तिला सगळं दिसत होतं. तरी तिनं फक्त वहीचं नवं पान काढलं. मला बोलायला जागा दिली तिनं.

"कागद चूक हाये मॅडम," मी म्हटलं. "लिही पोरी. येन. कहू. कहू. येन. प्रत्येकाले आपापली पाटी."

"असं मिसळलं कसं?" मॅडमनी विचारलं.

"बीज मी निवडलं होतं. हातानं, दुपारभर बसून. पंख उडालेले होते, तरी मले समजते म्हणलं. नाही समजलं."

मॅडम म्हणाल्या, असं होते. त्यांना या रांगेचं काही माहीत नव्हतं. मी मग खुर्ची मागितली.

घरी आलो तर म्हातारी दारातच.

"काय निघालं?"

"दोनी."

"मी तवाच सांगतलं होतं, मिसळलं म्हणून."

"सांगतलं होतं."

बावीस वर्षं जपून ठेवलेलं बोलणं तिनं तसंच ठेवलं, पुढं कामी येईल म्हणून असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाचा डबा माझ्या हातात देत फक्त एवढं म्हणाली, "आज जवळच्या वाटेनं जाजा."

कुंपणाच्या बाजूनं गेलो. नाल्याजवळ पाट्या ठोकणं चालू होतं. सातव्या झाडावर येनाची पाटी लावून राहिले होते आणि झाड कहूचं. मी डबा खाली ठेवला आणि फाटकातून आत गेलो.