बसून कबड्डी खेळवणारे गुरुजी

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि कोणती वेलांटी कुठे द्यायची ते मला चौथीपर्यंत कळलं नाही. पुढे शाळाच सुटली. ही वही कोणाला दाखवायची नाही, तरी लाज वाटते म्हणून लिहून ठेवलं. चुका पोटात घालाव्या.

आमच्या गुरुजींच्या अंगावर रोज कुठे ना कुठे ताजं रक्त असायचं. कधी कोपर, कधी गुडघा, कधी ओठ. पोंभुर्ण्याच्या पुढे जंगलाला लागून आमचं गाव. तिथल्या चौथीपर्यंतच्या शाळेत मी खिचडी शिजवते. गुरुजी बदलून आले तेव्हा चाळिशी ओलांडलेली, एक कान कबड्डीत फुटलेला, तरी पोरांबरोबर मातीत लोळायचे. गावातले मागून त्यांना धिंगाणा गुरुजी म्हणत. त्यांनी पोरांवर कधी हात उचलला नाही, पोरांचा मार मात्र रोज खाल्ला. मी एकदा हळद देताना विचारलं, तर म्हणाले, "खेळात लागते, बाई. ज्याले लागत नाई, तो बाहेर बसला हाय."

बाहेर बसलेली माझीच पोरगी होती. प्रज्ञाचे पाय जन्मापासून लुळे, ती हातांवर सरकत चालते. खेळाचा तास आला की सगळी पोरं चपला काढून तिच्यापुढे टाकत आणि ती त्या राखत बसे. पहिली गेली, दुसरी गेली, तिनं चपलाच राखल्या. एखादी चप्पल कुत्र्यानं नेली तर पोरं तिलाच बडवत. मी चुलीपासून बघायची. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही.

गुरुजींनी पहिल्या आठवड्यातच चपला उचलायला लावल्या आणि तिच्या हातात गुण मांडायची वही दिली. त्यांना वाटलं, झालं. तिनं वही फाडली आणि त्यांच्या मनगटाला रक्त येईपर्यंत चावली. ते मनगट धरून चुलीपाशी माझ्याकडे आले.

"पोरगी तुमची का, बाई? दात मजबूत हायेत." मग चुलीपाशी उकिडवे बसून मनगटाला हळद लावून घेतली. उठताना म्हणाले, "चूक माही हाय. तिले वही नाई पायजे होती."

दोन दिवसांत त्यांनी नाल्याची रेती आणून मैदानात पसरली आणि नवा नियम सांगितला. कबड्डी बसून खेळायची, जो ढुंगण उचलेल तो बाद. पहिले ते स्वतः बसले. वाऱ्यासारखी पळणारी पोरं बसल्यावर उताणी पडायला लागली. प्रज्ञाचं सगळं आयुष्य हातांवर गेलेलं, तिची पकड म्हणजे सांडशी. पहिल्याच दिवशी तिनं पाच जण धरले. एका पोराला ऐकू येत नव्हतं, म्हणून शिट्टी बंद झाली आणि लाल दुपट्टा फडकायला लागला.

खेळ गोजिरवाणा नव्हता. नखं लागायची, डोक्यावर डोकी आपटायची. गुरुजी जखम धुऊन चिंधी बांधत आणि विचारत, "खेळतं का घरी जातं?" घरी कोणी गेलं नाही.

आमच्या गावात एक रीत आहे. खेळात कोणाचं पोर फुटलं तर फोडणाऱ्याच्या घरानं दवाखान्याचा खर्च द्यायचा. एका शनिवारी ट्रॅक्टरवाल्या मारोतभाऊचा निखिल चढाईला आला. प्रज्ञानं त्याचा एक पाय धरला. तो दुसऱ्या पायानं तिच्या तोंडावर लाथा मारत होता. तिनं पाय सोडला नाही, उलट ओढून त्याच्या तोंडावर कोपर हाणलं. समोरचा दात अर्धा तुटून रेतीत पडला.

मारोतभाऊ कुऱ्हाडीचा दांडा घेऊन आला. आधी शाळेच्या दारावर हाणला, फळी फुटली. कोणी केलं म्हणून ओरडला. प्रज्ञा रेतीत बसूनच म्हणाली, "मी." तिला बघून त्याचा दांडा खाली आला आणि तो हसला.

"जाऊ द्या, गुरुजी. लंगडी पोर हाय, तिच्याजवळून काय भरून घेऊ?"

मला हायसं वाटलं. गुरुजींनी मात्र त्याची गचांडी धरली. "मांगच्या महिन्यात शंकरच्या पोरानं तुह्या धाकट्या पोराचा हात मोडला, तवा पैसे घेतले ना? मंग हिच्याजवळून काऊन नाई? ती खेळली हाय. भरून घे."

मारोतभाऊनं तोच दांडा त्यांच्या उजव्या खांद्यावर घातला. गुरुजी पडले, उठले, पुन्हा म्हणाले, भरून घे. दुसरा फटका बसला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मारोतभाऊनं दांडा उचलला आणि स्वतःच फेकून दिला. दाताचे चार हजार झाले. गुरुजींनी तेव्हा आपल्या खिशातून दिले आणि मला सांगितलं, "हे तुमच्याकडे राह्यले, बाई. मी सोडणार नाई."

माझा नवरा मूल गावच्या राइस मिलमध्ये हमाल, रविवारी घरी येतो. चार हजार ऐकून त्यानं मला पट्ट्यानं मारलं आणि पोरगी उद्यापासून घरी बसेल म्हणाला. प्रज्ञा मागून सरकत आली आणि तिनं त्याचा घोटा धरला. तो तोंडावर पडला, ओठ उंबऱ्यावर फुटला. तो तिच्या पाठीत लाथा घालत होता. ती एवढंच म्हणत होती, "बाबा, शाळेत जाऊ देतो म्हना." शेवटी तो तसं म्हणाला, तेव्हा तिनं सोडलं. तिच्यासमोर त्यानं पुन्हा माझ्यावर हात टाकला नाही. ती नसताना टाकला.

मी मोहफुलं वेचून विकली, दोन पावसाळे लोकांच्या बांधीत धानाच्या रोवणीला गेले. थोडे थोडे नेऊन देत होते. गुरुजी प्रत्येक वेळी मोजून घेत. गरीब बाईचे पैसे घेतात म्हणून लोक त्यांना बोलले. खरं सांगते, मलाही त्यांचा राग आला होता. एवढा मार खाणारा माणूस मला सूट का देत नाही ते समजत नव्हतं.

मग त्यांची बदली सिरोंच्याला झाली. ते निघाले त्या सकाळी मी आणि प्रज्ञा फाट्यावर गेलो. माझ्याजवळ शेवटचे पाचशे होते. वाटलं, आज तरी राहू द्या म्हणतील. त्यांनी डाव्या हातानं नोट घेतली, उजवा वर जातच नव्हता. पानठेल्यावर मारोतभाऊ चार माणसांत उभा होता. गुरुजी गाडीत चढायच्या आधी त्याच्याकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मारोतभाऊ, दाताचे पैसे हिच्या मायनं पुरे देले. एक रुपया माफ नाई झाला."