दार उघडायला लागणारा वेळ
तुरीच्या ओल्या शेंगा उकडल्याचा वास आला की मला संतपूरच्या आमच्या शेजारच्या अक्का आठवतात. गावातल्या बायकांची हळदीची गाणी रेकॉर्ड करून मी स्वतः बनवलेल्या मोबाईल ॲपवर ठेवली होती. त्यात अक्कांच्या वारलेल्या थोरल्या बहिणीचाही आवाज होता. ॲप उघडताना सगळी गाणी एकदम लोड व्हायची, तोवर अक्का कोऱ्या पडद्याकडे बघत बसायच्या. मग निवडलेलं तेवढंच गाणं लोड होईल असं मी केलं. त्या दिवशी बोट लावताच बहीण गायला लागली आणि शेंगा सोलणारा अक्कांचा हात थांबला. "गुडघ्यामुळं तिला दार उघडायला लई वेळ लागायचा," त्या म्हणाल्या. "हे असं कोरं थांबलं की मला वाटायचं, ती दाराकडं यायलीय." आता ॲप झटपट उघडतील असं करणं हीच माझी नोकरी आहे, तरी एखादं अडलं, तर मी घाई करत नाही.